लॅपटॉपला पोळ्याचं आवतण

बेल्लमपल्ली,
पोळ्यानंतरचा आठवडा, १९९७

तीर्थरूप भगवानमामा यांच्या पायावर डोकं ठेवून भाचा दौलत याचा राम राम. मी इकडे बेल्लमपल्लीला बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे. ढगाळ दिवसांत तो दुखतो आणि तुम्ही कुणाला सांगत नाही, हे मला माहीत आहे. मामीच्या डोळ्यांत औषध टाकणं चालू असेल. धवळ्याच्या खुरात काटा गेला होता तो निघाला का, कपाशीला बोंडं किती धरली, पैनगंगेचं पाणी नाल्यातून वर चढलं होतं ते उतरलं का, सगळं कळवावे. भीमपूरच्या बाजारात माझी आठवण काढणारा कुणी भेटला तर त्यालाही राम राम सांगावा. (कुणी भेटणार नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.) घरातल्या बाकी सगळ्यांची खुशाली विचारली आहे. सगळ्यांत सगळे आले, वेगळं नाव मी घेत नाही.

मामा, मागच्या दसऱ्याला सोनं देताना तुम्ही मोतीराम पाटलांच्या ओट्यावर माणसांदेखत जे बोललात ते मी विसरलो नाही. तुम्ही म्हणालात, "दौलत, तुह्या पायाले भिंगरी हाय. ह्या दसऱ्यापासून त्या दसऱ्यापावतर एका कामावर टिकून दाखव, मंग आपल्या राहीचं बोलू. मंधातच सुटला, तं माह्या दारात जवाई म्हणून उभा राहू नोको. भाचा म्हणून ये, जेव आन् जा." बरोबरच बोललात. तुमच्या जागी मी असतो तर जेवाचंही म्हणालो नसतो. पण मामा, मी आजपावतर जी कामं सोडली ती कुणाशी भांडून सोडली नाहीत. आदिलाबादच्या जिनिंगमध्ये होतो तेव्हा कापूस हवेत उडायचा. तो बघत उभा राह्यलो आणि वाटलं, आपणही असंच उडून कुठंतरी अलगद उतरावं. मग उतरलो. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा निर्मलच्या घाटात एका वळणावर खाली तळं दिसलं. ते नीट पाहावं म्हणून टायर तपासायच्या निमित्तानं उतरलो, आणि पाहून होईपर्यंत ट्रक निघून गेला होता. (म्हणजे ते काम मी सोडलं नाही, कामानंच मला सोडलं. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नसेल.)

दसऱ्यानंतर धरलेलं हे काम मात्र मनात भरलं. आमचे साहेब जमिनीचे नकाशे करतात. ते एका टेकडीवर तिपाईवरची दुर्बीण लावतात, आणि मी दुसऱ्या टेकडीवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी धरून उभा राहतो. काम एवढंच, की हलायचं नाही. तुम्हाला हसू येईल, ज्याच्या पायाला भिंगरी त्याला उभं राहण्याचा पगार! पण उभ्या माणसाचं मन कुठं गेलं हे दुर्बिणीतून दिसत नाही. खाली कोळशाची गाडी शिटी मारत जाते, वर ढगाची सावली रानावरून सरकते, आणि मी काठीला धरून सगळीकडे फिरून येतो. साहेब लांबून हात हलवतात तेव्हा मी परत आलेलो असतो. असा सगळा हंगाम गेला. एकदाही पळालो नाही. आता दसरा महिन्यावर आला आहे, आणि मध्येच हे लॅपटॉपचं झालं, म्हणून एवढं लांबलचक पत्र. (पत्राची भाषा म्हणून जरा इस्त्री करून लिहून राह्यलो आहे. कुठं सुरकुती राहिली तर राहू द्यावी.)

लॅपटॉप म्हणजे काय ते आधी सांगतो. कॉम्प्युटर म्हणून जो टीव्हीएवढा डबा असतो, त्याची घडी घालून भाकरीच्या फडक्यात बांधता येईल एवढा केला की झाला लॅपटॉप. रंग काळाभोर, वजन पायलीभर ज्वारीएवढं. मागच्या बाजूला दोन बिजागऱ्या, त्यांच्यावर झाकण उघडतं, झाकणाच्या आतून काच. दिवसभर टेकड्यांवर जे आकडे लिहिले ते साहेब त्याला खाऊ घालतात आणि तो त्यांचा नकाशा करतो. काम करताना त्याच्या कुशीतून गरम श्वास येतो. खोटं नाही सांगत, हात धरून पाहिला आहे. नांगर सोडल्यावर धवळ्याच्या नाकासमोर हात धरला की लागतो, तसाच. आणि रविवार नाही की सण नाही, कायम जुंपलेला. एकदा साहेबांनी त्यात आपला मुलूख दाखवला. दोऱ्याएवढी निळी रेघ होती, म्हणाले, ही तुझी पैनगंगा. तिच्या अलीकडे एक ठिपका, ते भीमपूर. मी त्या ठिपक्याकडे किती वेळ बघत राह्यलो मला माहीत नाही. ठिपक्यात काही हलत नव्हतं, पण बघता बघता तिथून चुलीचा धूर निघू लागला, गुरं घरी येऊ लागली, कुणीतरी दारात येऊन रस्त्याकडे पाहिलं आणि आत गेलं. (मामीच असतील.)

पोळ्याला मी घरी येणार होतो. साहेब म्हणाले, मोठ्या ऑफिसला नकाशा पाठवायचा आहे, तो झाला की जा. तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी, मी ओट्यावर तोंड पाडून बसलो होतो. आमचा सैपाक करतात त्या सोजरबाई, वांकिडीकडच्या, त्याही तशाच. आमचं भाड्याचं घर खाणीतल्या लोकांच्या क्वार्टरांमागं आहे. तिथं बैल कुठून येणार? मी म्हणालो, मातीचा करू. त्या म्हणाल्या, "मातीच्याले पुज ना, कोन नाई म्हनते? पन खांदे मळाचे तं ज्यानं ओझं वाह्यलं त्याचे. मातीच्यानं काय वाह्यलं बाप्पा?" हे मला पटलं. मग ह्या घरात वर्षभर ओझं कुणी वाहिलं याचा आम्ही विचार करू लागलो. जीप भाड्याची, ती ड्रायव्हरनं आपल्या गावी नेली होती. मी काठी धरतो, पण ती उभी असते, तिचं ओझं जमिनीवर. सोजरबाई म्हणाल्या की त्यांचे खांदे दुखतात, पण आपलेच आपण मळून घेण्यात काही अर्थ नाही. मग बोलता बोलता आम्ही दोघंही खोलीत टेबलाकडे बघू लागलो. साहेब घरी फोन करायला बूथवर गेले होते. लॅपटॉप नुकताच मिटलेला होता. दिवसभराच्या कामानं अजून कोमट होता.

मामा, सगळं रीतीनं केलं. पळसाचं पान मी रुळापलीकडून आणलं. वाटीत तूप, तुपात हळद. खांदे आधी गरम पाण्यानं शेकायचे असतात, पण सोजरबाई म्हणाल्या, "ते राहू दे. इजेचं जनावर हाय, पानी सोसनार नाई." (म्हणजे आम्ही अगदीच न कळत्यासारखं केलं नाही, हे ध्यानात घ्यावं.) खांदे कोणते याचा वाद झाला नाही. झाकणाचं सगळं ओझं त्या दोन बिजागऱ्यांवरच येतं. मी पानानं एक खांदा मळला, त्यांनी दुसरा मळला. तूप कढत होतं, अंग कोमट होतं, ते लगेच आत मुरलं. धवळ्याच्या खांद्यात मुरतं तेव्हा तुम्हाला जसं वाटतं तसंच आम्हाला वाटलं. मग सोजरबाईंनी पदर सावरला, हात जोडले आणि म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेव्हा बाहेर रुळावर गाडीच्या डब्यांची अदलाबदल चालू होती, धाडकन आवाज झाला, आणि मला वाटलं त्यानं हुंकार दिला.

पोळ्याच्या दिवशी सकाळी साहेबांनी झाकण उघडून बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, जरा वेळ दाबूनच धरलं. ना दिवा, ना आवाज. काच काळी ती काळीच. साहेब म्हणाले, करंट नसेल. टेबलावरचा पंखा लावून पाहिला, तो जोरात फिरला, कागद उडाले. मग भिंतीतला दुसरा प्लग पाहिला. वायरीच्या मध्ये एक काळी वडी असते, ती कानाशी धरली, नाकाशी धरली. पोटाखालून बॅटरी काढली, तिच्यावर फुंकर मारली, बनियनला पुसली, परत घातली. बॅटरीवाचून लावून पाहिला, वायरीवाचून लावून पाहिला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो, पण कोणत्या देवाकडे हे खातं आहे ते कळेना.

मग साहेबांनी मला सुधाकररावांकडे पिटाळलं. हे सुधाकरराव आपलेच, आसिफाबादकडचे, बाजारात त्यांचं मोटरी आणि पंखे दुरुस्त करण्याचं दुकान आहे. टेस्टर कानावर खोचून हिंडतात. आले ते आधी चहा प्यायले. मग लॅपटॉपला चारी बाजूंनी फिरून पाहिलं, टेस्टर लावला, कान लावला, आणि म्हणाले, "करंट येऊन राह्यला. हा घेऊन नाई राह्यला." मी म्हणालो, अहो, हेच तर आम्ही सकाळपासून म्हणतो आहोत. ते म्हणाले, "तुमी अंदाजानं म्हनता. मी टेस्टर लावून म्हनतो." त्यांना पेचकसानं त्याचं पोट उघडायचं होतं, पण साहेब आडवे आले. तेव्हा त्यांनी ओल धरली असं निदान केलं आणि शंभराचा बल्ब खाली लोंबकळत ठेवून त्याच्या उजेडात लॅपटॉप ठेवला, कोंबडीची अंडी उबवतात तसा. बल्ब लागला आणि गावाचीच लाईट गेली. सुधाकरराव म्हणाले, याचा आणि त्याचा संबंध नाही. सोजरबाई दारातून म्हणाल्या, "आवतन देऊन आज त्याले जुपाले निंगले. उठंन कसा तो?"

साहेबांना मराठी समजत नाही, पण त्यांना काहीतरी समजलं. त्यांनी आपली बोटं पाहिली. पिवळी. बनियन पाहिलं, पिवळं. घाम पुसून पुसून कपाळाला आणि कानाच्या पाळ्यांनाही हळद लागली होती. मामा, खरं सांगतो, मांडवात बसवला असता तर कुणी नवरदेव नाही असं म्हणालं नसतं. ते म्हणाले, "दौलत, ये पीला क्या है?" मी सांगितलं. खांदे सांगितले, तूप सांगितलं, आवतण सांगितलं. पाणी लावलं नाही हेही आवर्जून सांगितलं. साहेब खुर्चीवर बसले. मोठ्या ऑफिसचा नकाशा त्यातच होता, सगळ्या हंगामाचं काम त्यातच होतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाले, "कल तक चालू नहीं हुआ, तो तुम अपने गाँव चले जाना."

बाकी लोकांना गावी जायला मिळालं की आनंद होतो. मला त्या शब्दांसरशी मोतीराम पाटलांचा ओटा दिसला, त्यावर सोनं घेऊन बसलेले तुम्ही दिसलात, आणि मी भाचा म्हणून जेवून, हात धुऊन, परत निघालेला दिसलो. उभं राहण्याच्या कामात मी एकदाही हललो नव्हतो, आणि आता घरात बसल्या जागी पाय सुटत होता.

दुपारी लाईट नव्हती म्हणून कुणाला काही करता येत नव्हतं. सोजरबाईंनी पुरणाचा सैपाक केला. आवतण दिलेल्याला उपाशी ठेवता येत नाही, म्हणून पहिलं पान लॅपटॉपसमोर मांडलं. पुरणपोळी, कढी, भजी, वर तुपाची धार. (धार पोळीवर. त्याच्यावर नाही. साहेब लक्ष ठेवून होते.) मी झाकण उघडून दिलं, जेवणाऱ्याचं तोंड बंद कसं ठेवावं? मग मी त्या काळ्या काचेसमोर बसलो. चालू असताना त्यात नकाशे दिसतात, बंद असताना, मामा, सगळं जग दिसतं. माझा चेहरा दिसला, माझ्यामागं खिडकी, खिडकीत ढग. ढग काचेत तिरके जात होते, पैनगंगेवरून जातात तसे. मला वाटलं आपल्या गावात ह्या वेळी तोरणाखाली बैल जमले असतील. धवळ्याची शिंगं तुम्ही लाल रंगवली असतील, त्याच्या पाठीवरची झूल एका बाजूला घसरली असेल, आणि दारात कुणी ताट घेऊन उभं असेल. ताटातला दिवा वाऱ्यानं जाऊ नये म्हणून हाताचा आडोसा केला असेल. तो हात मला स्पष्ट दिसला. काच बंद होती, करंट नव्हता, तरी दिसला.

साहेब कधी येऊन मागं बसले कळलं नाही. तेही काचेत दिसू लागले. म्हणाले, त्यांच्याकडे, पार खाली केरळात, ह्याच दिवसांत दारापुढं फुलांची रांगोळी घालतात. रोज थोडी थोडी वाढवतात. घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, ह्या वर्षी फुलं कमी आली. एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मग बराच वेळ आम्ही दोघं काचेत बघत बसलो. मी माझं बघत होतो, ते त्यांचं बघत असतील. नंतर त्यांनी लॅपटॉपसमोरचं पान ओढून घेतलं आणि सगळं जेवले. सोजरबाई म्हणाल्या, "पावलं त्याले." कुणाला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाईट आली होती. साहेबांनी आंघोळ केली, बॅटरी घातली, वायर लावली, आणि तोंड दुसरीकडे करून बटण दाबलं. आतून आधी घरघर आली. मग हिरवा दिवा. मग काच उजाडली. हो मामा, उजाडली हाच शब्द, दुसरा कोणता मला सुचत नाही. साहेबांनी मला मिठी मारली. माझ्या सदऱ्यालाही त्यांच्या बोटांची हळद लागली, ती अजून गेली नाही. सुधाकररावांना कळलं तेव्हा ते म्हणाले, बल्बानं ओल ओढून घेतली. (बल्ब पेटला होता तो डोळ्याची पापणी लवावी एवढाच.) साहेब म्हणाले, रात्रभर बॅटरी काढून ठेवली, आतली राहिलेली वीज उतरून गेली, अशी यंत्रं कधी कधी अशीच ताळ्यावर येतात. सोजरबाई चुलीपाशी बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मात्र साहेबांना म्हणालो, एकदा ती निळी रेघ दाखवा. त्यांनी दाखवली. होती तिथंच होती. ठिपकाही होता.

तर असं झालं. मशीन चालू आहे, मी कामावर आहे, साहेब प्रसन्न आहेत. काळजी नसावी. गुडघ्याला तेल लावत जावं. मामीला आणि घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगावा. लिहिण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोराची समज म्हणून पोटात घालावं.

आपला भाचा,
दौलत

ता. क. वरचं पत्र टाकायचं राहून गेलं, तोवर थोडा फरक पडला. एका दिवसाच्या आरामानं मशीन असली जोमात आली की राहिलेला नकाशा साहेबांनी झटक्यात संपवला. मोठ्या ऑफिसला तो पसंत पडला. म्हणून आता इथलं काम संपलं आणि घर खाली करायचं आहे. साहेब सामान बांधताना हसत म्हणाले, मशीन बंदच राहिली असती तर सगळ्या टेकड्या पुन्हा मोजून हातानं नकाशा काढावा लागला असता आणि तू संक्रांतीपावतर काठी धरून उभा राहिला असतास. मी म्हणालो, पण तुम्ही तर मला गावी पाठवणार होता. ते म्हणाले, रागात बोललो होतो, काठी दुसरं कोण धरणार होतं? मामा, हे त्यांनी मला पोळ्याच्या दिवशी सांगितलं असतं, तर मी देवाला काय मागायचं ते नीट विचार करून मागितलं असतं.

ता. क. दुसरा. म्हणजे दसऱ्याआधीच माझं काम सुटलं. पण मामा, मी नाही सुटलो. शेतच सरलं. बैलानं शेवटचं तास पूर्ण केलं, शेताच्या कडेचा धुरा लागला, आता पुढं नांगरायला जमीनच नाही, तर त्या बैलाला कुणी पळपुटा म्हणत नाही. त्याला घरी आणून बांधतात. तेव्हा हे वर्ष पूर्ण धरावं आणि दसऱ्याला राहीचं बोलावं, एवढीच विनंती. दिवाळीनंतर साहेबांचं पुढचं काम चंद्रपूरकडे आहे. त्यांनी मला बोलावलं आहे, आणि तिथंही मी हलणार नाही.

ता. क. तिसरा. हा मोठ्यानं वाचायचा नाही. राही, मामांना अक्षर लागत नाही, पत्र तूच वाचून दाखवतेस. आणि ओट्यावर जायच्या आधी चुलीपाशी बसून सगळं मनात वाचून घेतेस, हेही मला माहीत आहे. तर ऐक. तुझ्या मनात असेल तर वरचे दोन्ही ता. क. मामांना थांबत थांबत वाचून दाखव. बैलापाशी जरा हळू हो, मामा तिथं विरघळतील. मनात नसेल तर मशीन चालू झाली, काळजी नसावी, इथंच वाचणं संपव आणि पत्र चुलीत घाल. दसऱ्याला मी येईन, मामा म्हणतील वर्ष भरलं नाही, आणि मी म्हणीन, हो मामा, नाही भरलं. जेवून परत जाईन. तू कुठंपावतर वाचलं होतंस, हे मी कधी कुणाला विचारणार नाही.